नळी तिरपी होती

सोलापूर,
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्री तू आईला फोन केलास तेव्हा मी जागाच होतो. आई गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलायला लागली, तेव्हाच कळलं की आपल्याला सांगायचं नाहीये. फोन ठेवून आत आली आणि म्हणाली, "मनूच्या प्रोटीनमध्ये घाण सापडली." कसली घाण, विचारलं. तर म्हणे, "जंतूंची. दोन वर्षं पाण्यात गेली म्हणत होती. तुम्ही आता तिला काही विचारू नका, आधीच रडून झालंय तिचं." मी फोन केला नाही. पत्राबद्दल ती काही बोलली नव्हती, म्हणून लिहितोय.

बाकीचं आईकडून तुकड्यातुकड्यांनी काढून घेतलं. तू ई. कोलाय जंतूंमध्ये जे प्रोटीन तयार करून घेतेस ते मॅक्रोफेज ह्या शरीराच्या राखणदार पेशींवर टाकलं की त्या टीएनएफ हा दाहाचा रेणू सोडतात, हा तुझा मोठा रिझल्ट. दिवाळीत तू मला तो ताटातच समजावला होतास, कडक भाकरीचे तुकडे म्हणजे पेशी आणि शेंगाचटणी म्हणजे टीएनएफ. आता तुमच्या ज्युनिअर मुलीनं तेच प्रोटीन उकळून टाकलं, तरी टीएनएफ आलंच. उकळल्यावर प्रोटीनची घडी मोडते, ते निकामी होतं. मग पेशी चिडल्या कशानं? उकळून ज्याला काही होत नाही त्यानं. एंडोटॉक्सिननं, म्हणजे त्या ई. कोलायच्या कवचाच्या तुकड्यांनी.

आईनं एवढं सगळं सांगितलं, पण एक वाक्य शेवटपर्यंत राखून ठेवलं आणि भांडी लावता लावता सोडलं: "तिनं मॅडमना अजून सांगितलं नाहीये." पेपर पाठवायला तयार आहे, फेब्रुवारीत पोस्टर आहे. मला वाटतं, तू फोन ह्याच वाक्यासाठी केला होतास.

तर एक जुनी गोष्ट सांगतो. आईलाही ती अर्धीच माहीत आहे.

साल १९८७. मला डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, होऊन अडीच वर्षं झाली होती. पूर्व भागातल्या एका लॅबमध्ये कामाला होतो. नाव लिहीत नाही. मालक डॉक्टर आता हयात नाहीत. लॅबच्या मागच्या भिंतीला लागून टॉवेलचे चार यंत्रमाग होते. ते सुरू झाले की टेबलावरच्या बाटल्या किणकिणायच्या. अप्पा एवढ्या मोठ्यानं का बोलतात, असं तू लहानपणी विचारायचीस ना, ती सवय तिथली.

ईएसआर तू हातानं कधी लावला नसशील. आम्ही लावायचो तो असा: चार भाग रक्त, एक भाग ३.८ टक्के सोडियम सायट्रेट, हलकेच मिसळायचं आणि वेस्टरग्रेनच्या नळीत शून्याच्या खुणेपर्यंत तोंडानं ओढायचं. हो, तोंडानं. तुमच्याकडे आज कुणी असं केलं तर त्याला लॅबबाहेर काढतील. आम्ही दिवसाला वीस-वीस नळ्या ओढायचो आणि वर लगेच चहा प्यायचो. मग नळी स्टँडला उभी लावायची, घड्याळ बघायचं आणि बरोबर एका तासानं तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते रजिस्टरात लिहायचं. झाला ईएसआर.

पेशी खाली का बसतात, हे कोर्समध्ये एका ओळीत उरकलं होतं. नीट कळलं ते तुझ्याकडून. शरीरात कुठं दाह असला की तिथून आयएल-सिक्स नावाचा निरोप्या रेणू सुटतो, तो यकृतापर्यंत जातो, यकृत फायब्रिनोजेन हे प्रोटीन जास्त बनवायला लागतं, आणि त्यानं तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या होतात. चळत जड, ती लवकर बसते. ओसाकात किशिमोतोंच्या गटानं ह्या आयएल-सिक्सचं जीन १९८६ साली वेगळं काढलं, असं तू म्हणालीस तेव्हा मला हसूच आलं. ते तिकडे जीन वाचत होते आणि पुढच्याच वर्षी मी इकडे मागांच्या खडखडाटात त्याच रेणूचं काम नळीत बघत होतो. मला वाटत होतं आपण रक्त मोजतोय.

मागांच्या हादऱ्यानं ईएसआर बिघडू नये म्हणून एप्रिलमध्ये मी स्टँड मागच्या भिंतीपासून हलवला आणि पुढच्या कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी शाबासकी दिली. त्या कोपऱ्यातली शहाबादी फरशी एका बाजूनं दबलेली होती. ते ना त्यांनी पाहिलं, ना मी.

नळी सरळ उभी नसली की पेशी खालच्या अंगाच्या काचेवरून घसरत उतरतात, पातळ द्रव वरच्या अंगानं वर सरकतो आणि काम लवकर उरकतं. तीन अंशांचा तिरपेपणा आकडा तीस टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. तीन अंश डोळ्यांना दिसत नाहीत. निदान माझ्या डोळ्यांना दिसले नाहीत.

आकडे चढे येतायत हे मात्र दिसत होतं. मी म्हटलं, उन्हाळा. उष्म्यानं ईएसआर चढतो हे खरंच आहे, आणि सोलापूरचा मे महिना तुला सांगायला नको. कारण खरं होतं, म्हणून पुढे बघावंसं वाटलं नाही. मधे एकदा तुलाही शंका आली होती म्हणे, पण "बॅचमध्ये फरक पडतोच" म्हणून तू सोडून दिलंस. पडतोच की. उन्हाळाही असतोच.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दिवशी स्टँड भरला. उरलेली नळी मी जुन्या मोडक्या स्टँडमध्ये, मागच्या भिंतीशी लावली, आणि घाईत त्याच पेशंटची एक नळी नव्या जागेवरही लागून गेली. माग त्या दिवशी बंद होते, वीज नव्हती. तासानं बघतो तर एकाच रक्ताचे दोन आकडे: ३८ आणि ५०. पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. शेजारी एका घराचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. "दवाखान्यात ओळंबा कशाला वो?" म्हणून तो हसला. नळीशेजारी दोरी धरली. वर दोरी आणि नळी एकत्र, खाली दोघांत करंगळीएवढं अंतर.

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. दोरी आणि नळी एका रेघेत आली. ओळंबा परत करून आलो, हात धुतले आणि कुणाला काही बोललो नाही.

अकरा दिवस.

ह्या अकरा दिवसांत मी स्वतःला काय काय सांगितलं ते लिहीत नाही, तुला पाठ असेल. चूक दुरुस्त झालीय, आता पुढचे आकडे बरोबर येतील, झालं गेलं उकरून काय मिळणार. आबा नुकतेच गिरणीतून घरी बसले होते, पगार माझा एकट्याचा होता. हेही खरंच होतं.

अकराव्या दिवशी दुपारी एक बाई बाटली घेऊन आल्या. विड्या वळणाऱ्या, बोटांची टोकं तंबाखूनं काळवंडलेली. तेलुगू मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, लघवीतून रक्त जातंय, बघा. बाटलीत केशरी पाणी, गड्ड्याच्या जत्रेतल्या सरबतासारखं. स्लाइड करून पाहिली. तांबडी पेशी एक नाही. गोळ्या कसल्या चालू आहेत विचारलं, तर त्यांनी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. टीबीच्या. मी म्हणालो, घाबरू नका, रिफाम्पिसिननं लघवीला असा रंग येतो. चिठ्ठी परत देताना खाली डॉक्टरांच्या अक्षरात दिसलं: ईएसआर ६४.

रजिस्टर उघडलं. नळी तिरपी असतानाचा आकडा. पण चिठ्ठीवरची तारीख चारच दिवसांपूर्वीची. म्हणजे गोळ्या सुरू झाल्या त्या मी गप्प बसलो होतो त्या काळात, सातव्या दिवशी.

सरळ नळीत तो आकडा ४९च्या आसपास आला असता. बाईंना खोकला होता, बारीक ताप होता, वजन उतरलं होतं. ४९ पाहूनही त्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असत्या का? दिल्या असत्या कदाचित. कदाचित आणखी एखादी तपासणी करून घेतली असती. अडतीस वर्षं झाली, मला हे कळलेलं नाही आणि आता कळायचंही नाही.

त्याच संध्याकाळी मालकांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. रजिस्टर पुढ्यात ओढून पेन्सिलीनं मोजत बसले. १७३ रिपोर्ट. मग म्हणाले, "बाकीचं नंतर बोलू. आधी कागद आण." दोन दिवस मी चिठ्ठ्या लिहीत होतो: पेशंटचं नाव, तारीख, आकडा, आणि 'नळी तिरपी राहिल्याने हा आकडा धरू नये, तपासणी विनामूल्य पुन्हा करून मिळेल.' त्या सायकलवरून वाटल्या, अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ. एका डॉक्टरांनी चिठ्ठी माझ्यासमोर फाडली आणि पुढे तिथून एक सॅम्पल आलं नाही. एकांनी चहा पाजला आणि खुर्ची ओढून विचारलं, तीन अंशांनी एवढा फरक कसा पडतो ते जरा नीट सांग. बहुतेक जण नुसतं "बरं" म्हणाले. बाई पुन्हा तपासायला आल्या नाहीत.

पुढे स्वतःची लॅब काढली तेव्हा ईएसआरच्या टेबलाशेजारी ओळंबा टांगला. तू त्याला झोके देत बसायचीस. तुला वाटायचं तो तुझ्यासाठी आणलाय.

आता तुझ्या घाणीबद्दल. ही घाण आपल्या घरात पूर्वी येऊन गेलेली आहे.

आबांची छाती खराब होती हे तुला माहीत आहे, पण त्यांचा सोमवार तू पाहिलेला नाहीस. आबा कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याचा पेळू होतो तिथं, म्हणजे धूळ सगळ्यात जास्त. सोमवारी पाळी संपवून आले की ओट्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसायचे. बोलायचे नाहीत. आम्ही पोरं त्यांच्या पुढून जायचो नाही. मंगळवारी जरा बरे, बुधवारी त्याहून बरे, शनिवारी रात्री भजनाला पेटी घेऊन हजर. रविवारी सुट्टी. सोमवारी पुन्हा ओटा.

आजीनं निदान केलं: रविवारचं मटण. सोमवार सिद्धरामेश्वराचा, आदल्या दिवशी असलं खाल्लं की छाती भरणारच. दीड वर्ष आमच्याकडे रविवारी मटण शिजलं नाही. छाती भरायची ती भरतच होती. शेवटी आजीनं हार मानली आणि मटण सुरू झालं. आम्हा पोरांना आनंद झाला, खोटं कशाला बोलू. गिरणीच्या कागदावर 'दमा' एवढंच लागलं, आणि आबा बिडी ओढायचे म्हणून सगळा दोष बिडीला गेला.

बायसिनोसिस हा शब्द मी वाचला तेव्हा आबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कापसाच्या धुळीचा रोग; सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, आठवडाभरात सैल पडते, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मग सैल पडतच नाही. तेव्हा मला वाटलं, बारीक तंतू छातीत जात असतील. तंतू नव्हे, मनू. कापसाच्या बोंडावर आणि पानांच्या चुऱ्यावर ग्राम-निगेटिव्ह जंतू (तुझा ई. कोलाय त्यांच्यातलाच) वाढतात, आणि त्यांच्या कवचाचे तुकडे धुळीवर बसून फुप्फुसात जातात. एंडोटॉक्सिन. मुख्य दोषी तेच मानतात. रोज रोज आलं की पेशी त्याला थोड्या सरावतात, एका रविवारात ती सवय मोडते, म्हणून सोमवार. तुझी दोन वर्षं ज्यानं खाल्ली, त्यानंच आबांचे सोमवार खाल्लेत.

आणि हे शरीराला कळतं कसं, ते शोधायला किती काळ गेला बघ. तू मला शिकवलेलंच तुला परत सांगतोय, पण वाच. रिचर्ड फायफरनं कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना एंडोटॉक्सिनची कल्पना मांडली ती १८९२ साली. पेशीवरचा त्याचा दरवाजा सापडला १९९८ साली, म्हणजे शंभर वर्षांनी. तोही सापडला तो एका बिघडलेल्या उंदरामुळे. सीथ्रीएच/एचईजे जातीचे उंदीर; कितीही एंडोटॉक्सिन टोचा, ढिम्म. दुसऱ्या एखाद्या लॅबमध्ये ते उंदीर 'प्रयोगाला चालत नाहीत' म्हणून बाजूला काढले असते. ब्रूस बॉयटलरच्या गटानं ह्यांच्यात नेमकं काय मोडलंय हे शोधण्यात वर्षं घालवली आणि टीएलआर-फोर, म्हणजे तोच दरवाजा, हाती लागलं. ज्याच्या नावावरून टीएलआर हे नाव पडलं ते टोल नावाचं जीन फळमाशीत बुरशीशी लढायला लागतं, हे हॉफमननी १९९६ साली दाखवलंच होतं. दोघांना २०११चं नोबेल मिळालं.

तेव्हा तुझी घाण म्हणजे नळाच्या पाण्यातला गाळ नव्हे. शरीर ज्याला जन्मजात ओळखतं, तीच वस्तू चिमूटभर तुझ्या नळीत शिरली आणि पेशींनी त्यांचं काम चोख केलं. ह्यात फसलेली तू पहिली नाहीस. हीट शॉक प्रोटीन पेशींना चिडवतात असे पेपरामागून पेपर आले होते, आणि २००३च्या सुमारास निघालं की त्यातलं बरंचसं काम प्रोटीनबरोबर आलेल्या एंडोटॉक्सिनचं होतं. हेही तूच सांगितलं होतंस, आणि सांगताना हसली होतीस. एंडोटॉक्सिन पकडणारी ती हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्ताची टेस्ट आधीच का केली नाहीस, हे मी विचारणार नाही. मला कोण विचारतंय, ओळंबा आधी का लावला नाही?

आता आईचं घे. गुरुवारची तिची गोळी चालूच आहे. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. डॉक्टर सोमवार म्हणाले होते, पण सोमवारी तिचा उपास, म्हणून गुरुवार. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून ती कॅलेंडरवर प्रत्येक गुरुवारी कपाळाची टिकली चिकटवते. गोळी घेतली की टिकली काढून आरशाला. आरसा बघायला ये एकदा. (फॉलिक ॲसिडला अडवणाऱ्या ज्या औषधांच्या कुळातली ही गोळी, त्यांच्यामागे येल्लाप्रगडा सुब्बारावांचं काम आहे, हे मी आपल्या पद्मशाली शेजाऱ्यांना इतक्या अभिमानानं सांगतो की मीच भीमवरमचा वाटावा.)

चार वर्षांपूर्वी गोळीनं भागेना, तेव्हा डॉक्टरांनी अँटी-टीएनएफ इंजेक्शनाचा विषय काढला होता, आठवतं? लंडनच्या चॅरिंग क्रॉस हॉस्पिटलात फेल्डमन आणि मैनी ह्यांनी १९९२ साली संधिवाताच्या पेशंटना पहिल्यांदा देऊन पाहिलं ते औषध. मैनींचा जन्म लुधियानाचा. दाहात इतके रेणू असताना एकट्या टीएनएफला अडवून काय साधणार, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. पेशंट जिने चढायला लागले तेव्हा गप्प झाले. पण आपल्या डॉक्टरांनी इंजेक्शनाआधी आईच्या छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करायला लावली, आणि निघालं काय, तर जुना टीबी आत झोपलेला. आधी त्याच्या गोळ्या, मग इंजेक्शन, असं ठरलं. पुढे मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवून भागलं, आणि खर्चाचं ओझंही टळलं.

ती तपासणी सांगायचं डॉक्टरांना सुचलं कशावरून? टीबीचे जंतू फुप्फुसात जिथं कोंडलेले असतात तिथली भिंत टीएनएफ धरून ठेवतं. टीएनएफ काढून घेतलं की भिंत ढासळते. हे जगाला कळलं ते २००१ साली, इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे तेच औषध, घेतलेल्या ७० जणांना टीबी झाल्याचं कुणीतरी मोजून छापलं तेव्हा. औषध जोरात होतं, कौतुक चाललं होतं, तरी छापलं. त्या ७० जणांमुळे सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात तुझ्या आईचा एक्स-रे निघाला. 'मॅडमना सांग' ह्या बाजूनं मी पुरावा गोळा करतोय हे तुझ्या लक्षात आलं असेल. आलं तर आलं.

ऑक्टोबरात साकागुचींना नोबेल मिळालं तेव्हा तू किती वेळ बोलत होतीस! प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या 'सप्रेसर' टी पेशी असतात, असं सत्तरच्या दशकात लोक म्हणायला लागले. मग त्यांचं जीन जिथं सांगितलं होतं तिथं १९८३ साली शोधलं तर काहीच नाही. सगळा विषयच बदनाम झाला. सप्रेसर म्हटलं की लोक उठून जायचे, असं तू म्हणालीस. साकागुची मात्र उंदरांवर काम करत राहिले आणि १९९५ साली त्यांनी त्या पेशी वेगळ्या काढून दाखवल्या. ही गोष्ट तुला धीर द्यायला वापरावी असा फार मोह होतोय, पण नको. त्यांचं खरं निघालं. तुझं प्रोटीन कदाचित काहीच करत नसेल. तयारी ठेव.

एक गोष्ट मात्र दोन दिवस डोक्यात घोळतेय. उकळल्यावर टीएनएफ आलं ते आधीएवढंच आलं, की थोडं कमी? आईला विचारलं तर म्हणाली, "मी काय मोजत होते?" कमी आलं असेल तर तेवढा फरक कुणाचा? एंडोटॉक्सिन काढून टाकलेल्या प्रोटीनवर, एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन घालून, आणि त्या ढिम्म उंदरांच्या पेशींवर, अशा तिन्ही तऱ्हांनी पाहता येईल असं मला वाटतं. माझं चुकत असेल तर सांग, पण 'अप्पा, तुम्हाला नाही कळणार' म्हणू नकोस.

हैदराबादच्या कंपनीचंही आईनं सांगितलं. जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही, आणि पगार ऐकून आजूबाजूला सांगतही फिरेन. पण मॅडमना सांगून जा. न सांगता गेलीस तर तो आकडा तुमच्या रजिस्टरात तसाच राहील आणि उद्या ती ज्युनिअर मुलगी त्याच्यावर पाच वर्षं बांधत बसेल. सांगताना तिचं नावही घे, उकळून बघायचं तिला सुचलं. मला कुणी उकळायला सांगितलं नव्हतं. घाईत एक नळी जास्त लागली, एवढंच.

मॅडम चिडतील का? चिडतील. त्यांचा पेपर आहे, त्यांचीही वर्षं गेलीत. चिडल्या तर ऐकून घे आणि वही पुढे ठेव.

होम मैदानावर पाळण्यांचे सांगाडे उभे राहायला लागलेत. गड्ड्याला यायला जमणार नाही म्हणालीस, तर भोगीची बाजरीची भाकरी तुझ्या वाटची मी खाईन. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मंगळवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतोय. भाकरी मोडल्या असतील तर त्यालाच बोल, मी नीट बांधल्यात.

बुधवारी तुमची लॅब मीटिंग असते म्हणे. त्याआधी मॅडमना एकट्यात गाठ, सगळ्यांसमोर नको. झालं की फोन कर. आईलाच कर, चालेल. मला स्पीकरवर घ्यायचं तिनं कबूल केलंय.

तुझा,
अप्पा